'अचानक' या शब्दाविषयी

मराठीत उशीर होतो, आजार होतो, तसाच अपघातही होतो. तो सहसा कोणी करीत नाही. 'त्याने अपघात केला' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने चूक नव्हे, पण बोलताना ते जिभेवर सहज येत नाही. करणारा न दाखवणाऱ्या वाक्याचे उदाहरण म्हणून 'काल चौकात अपघात झाला' हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. जुलै २०२२ मधल्या एका रात्री असेच एक वाक्य, खाली सही करण्यासाठी, पोलीस ठाण्यातल्या टेबलावर आमच्यासमोर सरकवण्यात आले. त्या वाक्यातल्या एका शब्दाविषयी हे टिपण आहे.

'आम्ही' म्हणजे दोघे: मुलुंडला राहणारे, घाटकोपरच्या बाजूला दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत भाषा शिकवणारे पती-पत्नी. त्या संध्याकाळी आम्ही लाल बहादूर शास्त्री मार्गाने घरी परतत होतो. पाऊस होता. मेट्रो ४ च्या कामासाठी रस्त्याच्या मध्यभागी पत्रे ठोकलेले होते, त्यामुळे रस्ता अरुंद झाला होता. भांडुप मागे पडत आले होते, सोनापूर यायचे होते. एकाच्या हातात चाक होते, दुसऱ्याच्या मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. दुसऱ्याने एका उत्तरपत्रिकेतले एक मासलेवाईक वाक्य मोठ्याने वाचून दाखवले आणि आम्ही दोघेही हसलो. हे हसणे चालू असतानाच पत्र्यांमधल्या फटीतून हातगाडी काढणाऱ्या एका भाजीविक्रेत्या गृहस्थांना आमच्या गाडीची धडक बसली.

'धडक बसली' असे आम्ही आताच लिहून गेलो. ते तसेच राहू द्यावे. सवय किती खोल असते याचा तो पुरावा आहे.

आवाज फार मोठा झाला नाही. त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांविषयी मात्र लिहायला हवे. 'थांबू नको, मारतील' हे शब्द आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघाले. कोणाच्या, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. गाडी लगेच थांबली नाही. थोडी पुढे गेली आणि मग थांबली. ते अंतर रात्री पावसात टेप लावून मोजले गेले आणि पंचनाम्यात उतरले. पंचनाम्यात त्याला नुसते अंतर म्हटले आहे. त्या चाळीस फुटांत आम्ही काय करण्याच्या बेतात होतो, ते तिथे नोंदलेले नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३४ मध्ये अशा वेळी चालकाने काय करावे ते सांगितले आहे, आणि ते फार थोडके आहे. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सारे करावे. पोलिसांना माहिती द्यावी, आणि तिथे पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन घडले ते सांगावे. विमा कंपनीला लेखी कळवावे. जमावाच्या क्षोभामुळे जखमीला नेणे अशक्य झाले, तर पहिल्या कर्तव्यातून सूट आहे. म्हणजे 'मारतील' ही भीती कायद्यालाही माहीत आहे. तो ती खोटी ठरवत नाही. मात्र त्या भीतीने रुग्णालयाची वाट चुकली, तरी ठाण्याची चुकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, प्राणघातक अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम घातले गेले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी चाके थांबवली. थांबलो तर लोक मारतात, हेच त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती ते पोटकलम बाजूला ठेवून. त्या चालकांविषयी वर्तमानपत्रात वाचताना आम्हांला नाक मुरडता आले नाही. तीच भीती आम्ही वातानुकूलित गाडीत बसून अनुभवली होती.

प्रत्यक्षात आम्हांला कोणी मारले नाही. शिव्या बसल्या, एकाने बॉनेटवर हात आपटला. पण गर्दीतला एक रिक्षावाला सरळ त्या गृहस्थांपाशी बसला होता. आम्ही त्यांना उचलून आमच्या गाडीत घालायला निघालो, तेव्हा तोच ओरडला, "पाय हलवू नका. मांडीचं हाड गेलंय. फोन लावा." आम्ही १०८ ला फोन लावला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याने आपली छत्री जखमीच्या चेहऱ्यावर धरली होती. आम्ही त्याला नाव विचारले, तर म्हणाला, "कशाला? कोर्टात बोलवायला?" आणि निघून गेला.

त्याच्या या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने 'पोलीस केस' म्हणून त्याला न घेता वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले. तो वाटेतच मरण पावला. ही बातमी घेऊन पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८९ मध्ये न्यायालयाने बजावले की, आधी उपचार, मग कागद. हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या वाटसरूची सुटका व्हायला आणखी बराच काळ लागला. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असे आता नाही. रिक्षावाल्याला हे कलम ठाऊक नसावे. त्याने नाव न सांगता ते पाळले.

पालिकेच्या रुग्णालयातून आम्ही ठाण्यात पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. वाटेत रिक्षात आमच्यात एक बोलणे झाले. चालवणाऱ्याची पुढच्याच महिन्यात एका नेमणुकीसाठी मुलाखत होती. गुन्हा दाखल झाला तर ती बाब अर्जात लिहावी लागली असती. वाहन चालवण्याचा परवाना दोघांकडेही होता. 'मी चालवत होतो असं सांगू या का?' 'चालवत होते' की 'चालवत होतो', हे इथे उघड करत नाही. 'द ग्रेट गॅट्स्बी' ही १९२५ ची कादंबरी आम्ही अभ्यासली आहे, तिच्यावर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. डेझी गाडी चालवत असते, मर्टल मरते, गाडी थांबत नाही, आणि चालवत होतो तो मीच असे सांगायला गॅट्स्बी तयार असतो. वर्गात याला आम्ही प्रेमातला त्याग म्हणत असू. त्या रात्री रिक्षात तो त्याग किती सहज सुचतो आणि त्यात जखमी माणसाचा विचार कुठेच कसा नसतो, ते कळले.

गाडी कोण चालवत होते, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत सर्वांना परिचित आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याच्या हिल रोडवर एक लँड क्रूझर बेकरीपाशी पदपथावर झोपलेल्या माणसांवर चढली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये अभिनेते सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले, कारण गाडी तेच चालवत होते हे सरकार पक्षाला निःसंशय सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाचे मत झाले. तेरा वर्षांनी कायद्याच्या लेखी त्या वाक्यातली कर्त्याची जागा मोकळी राहिली. निकालाबद्दल बोलण्याचा आमचा अधिकार नाही. इतकेच म्हणायचे की, ही जागा वेळेवर, पहिल्याच रात्री भरली गेली नाही, तर पुढे ती भरणे अवघड होत जाते, आणि जो पदपथावर होता त्याच्यासाठी ती भरली जाणे कदाचित सर्वांत गरजेचे असते.

हवालदारांनी विचारले, "गाडी कोण चालवत होतं?"

आम्ही म्हणालो, "आम्ही घरी चाललो होतो…"

त्यांनी पेन खाली ठेवले. "सर, मॅडम, दोघांचा मिळून एक जबाब नसतो."

मग आमच्यापैकी जो चालवत होता त्याने 'मी' म्हटले. सर्वनामाचा इतका जड वापर आम्ही त्याआधी केला नव्हता. रीतीप्रमाणे चालकाला वैद्यकीय तपासणीसाठी नेले, परत आणले, आणि जबाब लिहिला गेला.

पोलिसी मराठीला आम्ही वर्गात हसत आलो होतो: 'सदर इसम', 'समक्ष', 'हयगयीने', 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. त्या रात्री तिच्यातली काटेकोर नीती दिसली. 'हयगय' हा शब्दच पाहावा. त्यात दुष्टावा नाही, पण सुटकाही नाही. त्या एका शब्दाच्या पलीकडे आणि अलीकडे माणसाची शिक्षा बदलते. १२ नोव्हेंबर २००६ रोजी कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेरा याच्या गाडीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ती हयगय मानली आणि सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्याला सदोष मनुष्यवध म्हटले आणि तीन वर्षे दिली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तेच कायम केले. घटना तीच, मृतांची संख्या तीच, नाव बदलले.

आमच्या जबाबात हवालदारांनी लिहिले होते: 'सदर इसम हातगाडीसह अचानक समोर आल्याने…'

त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्ही थांबलो होतो, फोन केला होता, ठाण्यात आलो होतो. आमच्याविषयी त्यांच्या मनात थोडी सहानुभूती असावी. शिवाय हा शब्द तिथला नित्याचा. विमा एजंटाशी फोनवर बोलणे झाले, तेव्हा तोही म्हणाला, "अचानक आला असं येऊ द्या. सगळेच लिहितात." त्याने पॉलिसीतल्या एका अटीचीही आठवण दिली: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दायित्व कबूल करू नये, काही देऊ करू नये, कसले वचन देऊ नये. अट खरीच आहे. मोटार विम्याच्या पॉलिसीत ती असते. एका वकील मित्राला रात्री उठवून विचारले. तो म्हणाला, घडले ते पोलिसांना खरे सांगणे वेगळे आणि नुकसानभरपाईचे दायित्व मान्य करणे वेगळे; दुसरे ठरवायला न्यायाधिकरण आहे, पहिले तुमच्याकडेच आहे.

तेव्हा प्रश्न उरला तो घडले काय याचा. ते गृहस्थ अचानक समोर आले होते का?

हातगाडीवर निळे प्लास्टिक होते. आमच्या दिव्यांचा उजेड त्या प्लास्टिकवर पडलेला आम्ही पाहिला होता, दोघांनीही, आणि ते प्लास्टिक हलत होते. पण त्या क्षणी आम्ही हसत होतो. डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचायला जो वेळ लागला तो आमचा होता. ते गृहस्थ त्यांच्या नेहमीच्या चालीने येत होते; भरलेली हातगाडी ओढणारा माणूस अचानक कुठेच येऊ शकत नाही. 'अचानक' हे विशेषण त्यांच्या येण्याला लागूच नव्हते. लागू होत असेलच, तर आमच्या पाहण्याला.

व्याकरणाच्या पुस्तकात 'अचानक' हे क्रियाविशेषण अव्यय आहे. न्यायाधिकरणापुढे त्याची किंमत पैशांत होते, हे आम्हांला वर्षभराने समजले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमीच्या वाट्याची हयगय सिद्ध झाली तर त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला मुद्दा तोच होता: पत्र्यांच्या फटीतून रस्ता ओलांडला, एकाएकी पुढे आला. त्या दिवशी आमच्या जबाबात तो शब्द असता, तर त्यांना दुसरा पुरावा शोधावा लागला नसता.

आम्ही हवालदारांना तो शब्द काढायला सांगितला. ते म्हणाले, "विचार करा, मॅडम." आणि मग, "सर, तुम्ही पण." आम्ही सांगितले ते त्यांनी लिहून घेतले: चालकाचे लक्ष सोबतच्या व्यक्तीच्या बोलण्याकडे होते, हातगाडी आधी दिसली होती, ब्रेक उशिरा लागला. परिवहन खात्याच्या निरीक्षकाने दोन दिवसांनी ठाण्याच्या आवारात गाडी तपासली आणि ब्रेक सुस्थितीत असल्याचा अहवाल दिला. यंत्राकडे बोट दाखवण्याची सोयही मग उरली नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा खटला वेगळा चालला. तिथे गुन्हा कबूल केला, दंड भरला. मुलाखतीला चालवणारा गेला नाही.

हे सारे लिहिताना आम्ही फार चांगले ठरतो की काय, अशी धास्ती वाटते. म्हणून रुग्णालयातला प्रसंग सांगायला हवा. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना भेटायला गेलो. काय बोलायचे ते घरून ठरवून नेले होते. 'आमची चूक' म्हणायचे नव्हते, कारण ती अट डोक्यात होती. 'अपघात झाला' म्हणायची लाज वाटत होती. शेवटी मराठीने दिलेली एक सोय आम्ही वापरली. कप फुटला की मूल म्हणते, 'माझ्या हातून फुटला.' हात माझा होता, हेतू माझा नव्हता, असे दोन्ही त्या 'हातून'मध्ये बसते. आम्ही म्हणालो, "आमच्या हातून झालं."

त्यांची पत्नी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, तुमच्या हातून झालं. पण पाय यांचा गेला." त्यात राग नव्हता, दुरुस्ती होती. मग तिने आम्हांला बसायला स्टूल दिले आणि स्वतः उभी राहिली.

त्या पायाचा हिशेब कायद्यात कसा होतो, तो आम्ही पुढे पाहिला. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिलेले आहेत: पंचविशीपर्यंत १८, मग उतरत जाऊन ५१ ते ५५ वयाला ११, ५६ ते ६० ला ९, पासष्टीनंतर ५. मासिक उत्पन्न गुणिले बारा, गुणिले गुणक, गुणिले कमावण्याच्या ताकदीत पडलेली घट. ते गृहस्थ ५४ वर्षांचे, म्हणून ११. उत्पन्नाचा पुरावा काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, "रोजचं रोज." त्याची पावती नसते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे: डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची घट या एक गोष्टी नव्हेत, माणूस कोणते काम करतो ते पाहावे. तोच पाय आमचा मोडला असता, तर खुर्चीत बसून आम्ही शिकवले असते. हातगाडी मात्र खुर्चीत बसून ओढता येत नाही.

त्यानंतर एकदा वर्गात रोलाँ बार्थविषयी बोलत असताना आम्ही अडखळलो. २५ फेब्रुवारी १९८० रोजी पॅरिसच्या एका रस्त्यावर कपडे धुण्याच्या व्यवसायातल्या एका व्हॅनची धडक बसून ते जखमी झाले आणि २६ मार्चला वारले, हे आम्ही कितीदा तरी सांगितले आहे. ती व्हॅन चालवणारा घरी जाऊन काय बोलला, पोलिसांना काय म्हणाला, 'एकाएकी समोर आले' असे म्हणाला का, हा प्रश्न त्याआधी कधी पडला नव्हता. साहित्याच्या अभ्यासात आपण जवळजवळ नेहमी धडक बसलेल्याच्या बाजूने वाचतो. आपण धडक देणारेही असू शकतो, हे वाचनातून आम्हांला तरी कळले नव्हते.

आता विद्यार्थी गाड्या घेऊन येतात. कोणी विचारले, तर आम्ही सांगतो: थांबा. गाडी हलवू नका. १०८ ला आणि ११२ ला फोन करा. जखमीला ओढू नका. ठाण्यात स्वतः जा, आणि जो चालवत होता त्यानेच 'मी' म्हणा. विमा कंपनीला कळवा. जबाब सही करण्याआधी वाचा. भाषेचे विद्यार्थी आहात, तेव्हा विशेषणे आणि क्रियाविशेषणे विशेष काळजीने वाचा.

दाव्याचा निकाल लागला. भरपाई न कापता मिळाली. ते गृहस्थ आता हातगाडी ओढत नाहीत. भांडुपला एका भिंतीच्या कडेला बसून लिंबे, मिरच्या, आले विकतात. आम्ही तिथून जातो, कधी लिंबे घेतो. ते आम्हांला ओळखतात आणि भाव कमी-जास्त करत नाहीत.

जबाबाची प्रत घरी फाइलीत आहे. तिच्या शेवटी, सहीच्या वर, प्रत्येक जबाबाखाली असते तेच वाक्य आहे: हा जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. आजवर आम्ही पुष्कळ निबंध लिहिले. त्यांतल्या कितींच्या खाली हे वाक्य लिहून सही करता आली असती, ते आम्ही अधूनमधून मोजून पाहतो.